काचेतली बाळी

“हालू नको गं बाळे. काचंत उतरतंय तुजं रूप.”

सखूचा हा आवाज जयदेव मास्तरांनी मांजर्लीच्या एका ओसरीत ऐकला, त्याला नऊ पावसाळे झाले. पण कॅमेऱ्याचं टोपण काढायला हात उचलला, की तो आवाज अजून कानाशी येऊन उभा राहायचा. आणि त्याच्यामागे चार वर्षांच्या पोरीने रोखून धरलेला श्वास.

अठ्ठेचाळीस सालच्या माघातली गोष्ट. मास्तर तेव्हा अंबरनाथच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. रविवार आला की लाकडी कॅमेरा खांद्यावर टाकून उल्हास नदीच्या काठाकाठाने निघायचे. लोकांना नवरा-नवरीचे फोटो हवे असत, मास्तरांना हवं असे ऊन. मडक्यावरचं, घोंगडीवरचं, म्हाताऱ्याच्या पाठीवरचं. त्या सकाळी सखूच्या घरात कौलाच्या फटीतून ते नेमकं जात्यावर उतरलं होतं. नाचणीचं पीठ त्यात धुरासारखं तरंगत होतं आणि खुंट्यावर सखूचे दोन हात होते. मास्तरांजवळ फोटो उतरवायची कोरी काच एकच उरली होती. नवी कधी मिळेल, मुंबईचा दुकानदारही सांगेना. ती एकुलती काच त्यांनी जात्याला दिली.

तशी सखू लगबगीने उठली. बाळीचं तोंड पदराने पुसलं, केसांवर तेल चोपडलं आणि तिला उंबऱ्यात उभं केलं.

“आता हिचा काढा, मास्तर. आमच्या घरात कुनाचाच फोटू नाय.”

काच संपली, एवढंच म्हणायचं होतं. पण पोरीच्या कपाळावर तेलाचा ओघळ आला होता आणि ती आत्तापासूनच डोळे मिटत नव्हती. ज्यांच्या हाताखाली मास्तर फोटो काढायला शिकले, त्या उस्तादांची युक्ती त्यांना आठवली. लग्नाच्या मांडवात पोरं फार मागे लागली, की रिकाम्या कॅमेऱ्याचं टोपण काढायचं, तीन मोजायचे, टोपण लावायचं. पोरं खूश, काच शाबूत. सगळेच फोटोवाले करत. मास्तर काळ्या कापडात शिरले.

“एक... दोन... तीन.”

“बघा, पापनीपन हालली नाय माज्या बाळीची!” सखू म्हणाली.

भादव्यात बाळी तापाने गेली. तिसऱ्या दिवशी.

बारावं झाल्यावर सखू चालत शाळेच्या फाटकाशी आली. रडली नाही. म्हणाली, “मास्तर, तो फोटू.” “काच धुवायचीय अजून,” ते म्हणाले. “निघेल.”

त्या एका ‘निघेल’ने सगळा घात केला.

जात्यावरच्या उन्हाला मुंबईच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं, मग परदेशातलं. मास्तरांनी शाळा सोडली. उल्हासनगरला निर्वासितांच्या कॅम्प नंबर तीनमध्ये, सिंधी लोकूमलच्या फ्रेमच्या दुकानामागे, जुन्या लष्करी बराकीत त्यांनी वर्ग काढला. लांबलांबून मुलं शिकायला येऊ लागली. मास्तर त्यांना सांगत, “उजेडाशी खोटं बोलू नका.” सांगताना भिंतीकडे मात्र बघत नसत. भिंतीवर ते जातं टांगलेलं होतं.

दरसाल पितृपक्षात सखू यायची. फडक्यात नाचणीची भाकर बांधून. फोटोसमोर उभी राहायची आणि एकच विचारायची, “माजे हात कसे लख्ख आले, आन् पोर तेवढी कशी नाय निघत?”

“उजेड कमी पडला होता,” मास्तर म्हणायचे. किंवा, “औषध मिळत नाही.” एकदा त्यांनी खरंच ती जात्याची काच काढली आणि कोपरान् कोपरा भिंगाखाली धरला. कुठे परकराची कड, कुठे सावली? पिठाशिवाय काही नव्हतं.

मांजर्लीला जाणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. तिथल्या बाया आता दळताना सखूने रचलेली ओवी म्हणत:

*काचंच्या घरामंदी माजी बाळी गं निजली,*
*दार उघडा मास्तर, रात सरूनिया गेली.*

यंदा पितृपक्ष लागला तसं मास्तरांची अन्नावरची वासना उडाली. लोकूमलला सगळं ठाऊक होतं. तो फ्रेमला खिळा मारता मारता म्हणाला, “साईं, कोणच्या पण पोरीचा फोटो दे ना. धुंदला करके. नऊ साल झाले, कोण ओळखते?”

“आई ओळखेल, लोकूमल.”

“मेरी माँ शिकारपूर में रह गई, वहीं मरी. एक तसवीर नहीं मेरे पास.” त्याने खिळा बाजूला ठेवला. “कोई झूठी दे देता, तो भी रख लेता.”

मास्तरांनी कॅम्पातल्या एका पोरीच्या जुन्या फोटोची काच घेतली आणि लाल कंदिलाच्या उजेडात ती कागदावर इतकी फिकी उतरवली, की उरले फक्त दोन डोळे आणि कपाळ. आयुष्यभराची सगळी कारागिरी त्या एका कागदात ओतली. काम सुरेख झालं. त्याचंच त्यांना भय वाटलं.

सखू आली. केस पांढरे झालेले. मास्तरांनी कागद पुढे केला.

तिने तो दोन्ही हातांनी घेतला, दाराशी उजेडात नेला. बराच वेळ बघत राहिली. मास्तर वाट पाहत होते, की ती फेकून देईल, म्हणेल, ही माझी नव्हे. तिने तसं म्हणावं, असंच त्यांना वाटत होतं.

“मास्तर,” ती हळूच म्हणाली, “एक सांगू? कुनाला बोलू नका. म्या तिचं तोंड इसरले. दोन-तीन वर्सं झाली. रातीला डोळं मिटून लय शोधते, नुसतं तेल लावल्यालं डोकं दिसतं.” तिने कागदावरून बोट फिरवलं. “तुमी काचंतून बगितलंय तिला. तुमी म्हनाल ती खरी. हीच ना माजी बाळी?”

पुढल्या दुकानात खिळ्यावरची हातोडी थांबली. लोकूमलने तिथूनच मास्तरांकडे बघून मान हलवली, हो म्हण, हो म्हण.

मास्तरांनी भिंतीवरच्या जात्याकडे पाहिलं. मग सखूच्या हातांकडे. तेच हात.

“नाही, सखूबाई,” ते म्हणाले. “ही दुसऱ्या कुणाची लेक आहे. माझ्याजवळ त्या दिवशी काच एकच होती, ती मी तुझ्या जात्यावर घालवली. बाळी हलली नाही, पापणीसुद्धा हलली नाही. पण कॅमेरा रिकामा होता.”