दुपारच्या कॉफीतली भेसळ

कचेऱ्यांच्या इमारतीत तळमजल्यावर दोघी जावांचा कॉफीचा गाळा होता. सकाळी मशीनवर थोरली, दुपारी दोननंतर धाकटी. गाळा मुळात थोरलीने उभा केलेला. धाकटी वर्षभरापूर्वी आली. तिने काही नवं सुचवलं की थोरलीचं उत्तर ठरलेलं, "चाललंय ते नीट चाललंय. नसते उद्योग नकोत."

तिसऱ्या मजल्यावरच्या भाषांतरकार बाईंना गाईचं दूध सोसत नसे, म्हणून त्या ओटच्या दुधाची कॉफी घ्यायच्या. एका सकाळी त्या गळ्याला स्कार्फ गुंडाळून आल्या. आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्यांनी तो सैल केला. गळाभर लाल गांधी उठल्या होत्या.

"दुसऱ्यांदा झालं," त्या हळूच म्हणाल्या. "दोन्ही वेळा दुपारी इथे कॉफी घेतली होती. मी कुणावर आळ घेत नाही. पण ओटचं संपलं की साधं दूध घालता का तुम्ही?"

"आमच्याकडे असलं चालत नाही," थोरली म्हणाली खरी, पण तिच्या मनात पाल चुकचुकली.

मग एकेक आठवायला लागलं. गेले तीन आठवडे ओटचे खोके लवकर संपत नव्हते. दुपारची गिऱ्हाइकं सांगायची, "वहिनी, तुमच्या जावेच्या हातची कॉफी काय दाट होते!" थोरली सकाळी नवा खोका फोडायची, पण तिच्या हातून तेच दूध गरम कॉफीत पडलं की फाटायचं. मशीन तेच, खोके तेच, मग धाकटीलाच बरा सायीसारखा फेस जमतो? पाणी कुठेतरी मुरत होतं.

त्या दिवशी निघताना तिने फ्रीजमध्ये तळाशी घोटभर दूध उरलेला एकच खोका ठेवला आणि बाकीचे मागच्या खोलीत कुलपात टाकले. वाटलं, धाकटी किल्ली मागेल. तिने मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोका अर्धा भरलेला होता.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला काय, सगळीकडे चोरच दिसतात."

थोरलीने वाद घातला नाही. दुपारी ती पर्स घेऊन निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि मागच्या दाराने परत आली. धाकटी स्टीलच्या बाटलीतून खोक्यात नरसाळ्याने काहीतरी पांढरं ओतत होती.

"काय आहे ते?"

धाकटीने नरसाळं बाजूला ठेवलं. "ओटचंच दूध आहे, वहिनी. घरी केलेलं."

"खोटं बोलू नकोस. बाईंच्या गळ्यावर गांधी उठल्यात. साधं दूध घातलंस ना?"

"नाही हो. चव घेऊन बघा."

थोरलीने घोट घेतला. दूध नव्हतं. ओटची पिठूळ चव होती, पण तिच्यामागून काहीतरी गोडसर, तुपकट येत होतं.

"आणखी काय घातलंस?"

"मूठभर काजू, भिजवून वाटलेले. त्याने फाटत नाही. झाडाचंच तर आहे, म्हटलं काय बिघडतंय."

"मला विचारायला काय झालं होतं?"

"तुम्ही हो म्हणाला असता?"

थोरलीने मशीन बंद केलं आणि ती म्हणाली, "चल वर."

वर धाकटीनेच सगळं सांगितलं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "लहानपणी दोन काजू खाल्ले, तर श्वास अडकून दवाखान्यात नेलं होतं मला," त्या म्हणाल्या. "इथे मी दुधावर संशय घेत बसले. काजू मनातच आला नाही. तुमच्या पाटीवर ओट लिहिलंय ना?"

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. थोरलीच म्हणाली, "गाळा माझा आहे. चूक आमची आहे."

खाली येऊन दोघींनी बाटली ओतून टाकली, मशीनची नळी न् नळी धुतली आणि तीन आठवडे दुपारच्या कॉफीत काय होतं ते कागदावर लिहून काचेवर लावलं. काही गिऱ्हाइकं तुटली. धाकटीला आता काही करून बघायचं असलं तर ती थोरलीसमोरच करते, आणि थोरलीही आधी ऐकून तरी घेते.

बाई महिनाभराने आल्या, स्वतःचा कप घेऊन. त्यांनी काळी कॉफी मागितली. धाकटी ती ओतत असताना त्यांची नजर तिच्या हातांवरून हलली नाही. धाकटीनेही हात मुद्दाम काउंटरच्या वर, त्यांना दिसतील असेच ठेवले.