पश्चिम कडेचा रायवळ

फाल्गुन शुद्ध त्रयोदशी, रविवार. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. बागेच्या खालच्या बांधाकडून जांभ्या दगडावर पाते घासल्याचा कोरडा, संथ आवाज आला आणि बागेचा गडी धाकू आल्याचे मला कळले. तीस वर्षे माझी सकाळ याच आवाजाने उजाडत आली आहे. आज पाते कोयत्याचे नव्हते, कुऱ्हाडीचे होते.

रत्नागिरीच्या या सड्यावरून, या उघड्या कातळी माळावरून, हिवाळा हलक्या पावलांनी निघून जातो. पहाटेचे धुके विरळ होत जाते, पानांच्या टोकांवरचे दहिवर उन्हाआधीच ओसरते आणि मोहोराचा उग्रमधुर गंध तापू लागलेल्या कातळावरून दूरवर पसरतो. या संधिकाळाचे धाकूइतके सूक्ष्म ज्ञान मी अन्य कोणात पाहिले नाही. हापूसच्या कलमाखाली तो डोळे मिटून उभा राही. पानांवर तुडतुड्यांची बारीक टिचटिच ऐकू आली की फवारणीचा दिवस ठरे. तापलेल्या कपाळावरून फिरवावी तशी बोटांची मागची बाजू तो मोहोरावरून फिरवी आणि कणी, म्हणजे मोहरीएवढे फळ, धरली की नाही ते सांगे. बांडगूळ उतरवताना, आळ्यांत पाचोळा पसरताना, वणव्याच्या भीतीने कडेचे गवत कापताना त्याच्या कृश देहाला घाई ठाऊक नसे. बोलणे आम्हा दोघांनाही जड. त्या मौनालाच मी विश्वास समजत आलो.

बागेच्या पश्चिम कडेला एक रायवळ आंबा होता. बावीस वर्षांपूर्वी त्याची कोय धाकूने रुजवली. खारा वारा अडावा म्हणून जागा मी दाखवली. मागच्या कलमांना ऊन मिळावे, या माझ्या सांगण्यावरून दर माघात तो त्याच्या खालच्या फांद्या उतरवी. झाड सरळ वर गेले. छाटणी झाली की धाकू बुंध्याशी उभा राहून शेंड्याकडे बराच वेळ पाहत असे. ती कष्टाची तृप्ती आहे, असे मी मानले.

आमच्या गावी शिमग्याच्या होळीला देवळापुढे उभे करायला उंच, सरळ झाड लागते. पंचमीला मानकरी देवळात बसून ते ठरवतात आणि बुंध्याशी देवीच्या नावाने नारळ ठेवतात. नारळ ठेवल्यावर मालकाने नाही म्हणायचे नसते. धाकू मानकऱ्यांपैकी एक. माझा रायवळ त्यानेच सुचवला. नारळही त्यानेच ठेवला, पाचोळ्याआड. त्यानंतर सात दिवस तो माझ्याबरोबर कलमांना पाणी घालत होता, माझ्या ओटीवर चहा पीत होता आणि गप्प होता. काल संध्याकाळी पाचोळा ओढताना तो नारळ माझ्या हाताला लागला; बाकीचे रात्री दुसऱ्या मानकऱ्याकडून कळले.

विचारले असते तर मी नकार दिला असता. हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने विचारले नाही.

आठच्या सुमारास ढोल वाजवीत गाव आला. मी बुंध्याशी उभा होतो.

"धाकू, का केलंस हे?"

त्याने मान वर केली नाही. "दादा, ही कोय रुजवली तवाच देवीला बोललो व्हतो. घरातली बाळंतपणात हातची जात व्हती. वाचली."

"बावीस वर्षांत मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर वाढू दिलं असतंत?"

मागून कोणी ओरडले, "धाकूदा, मालकाचं झाड दिलंस, उद्यापासून चहा बायकोकडंच माग!" हशा उसळला. धाकू हसला नाही.

नवस त्याचा, झाड माझे. माझ्याच बागेत, माझ्याच आज्ञेच्या आडोशाने त्याने बावीस हिवाळे देवीची होळी वाढवली. प्रत्येक छाटणीला मी कलमांवर पडणारे ऊन पाहिले आणि त्याने देवीच्या पालखीपुढे उभा राहणारा सरळ खांब. एखाद्या लबाडाने फसवले असते तर राग पुरला असता. याच्या बाबतीत तोही पुरत नाही.

मी बाजूला झालो.

पहिला घाव मानकऱ्याचा. तो धाकूने घातला, आणि मोहोराची पिवळसर धूळ त्याच्या पांढऱ्या केसांवर सावकाश उतरली. झाड आडवे झाले तेव्हा शेंड्याला हात लावून तो क्षणभर थांबला. छाटणीनंतर थांबत असे, तसाच. मग शंभर खांद्यांनी ते उचलले. शिमग्याच्या फाका, त्या आरोळ्या, दूर गेल्या. पश्चिमेला, जिथे इतकी वर्षे पाने होती, तिथे एकदम समुद्राची रेघ दिसू लागली.

जे रोज डोळ्यांसमोर उभे असते, ते आपण पाहिलेलेच असते असे नाही. ते गेल्यावर काळ रिकाम्या आकाशात त्याची आकृती पुन्हा रेखतो, आणि ती आपल्या स्मरणातल्या आकृतीशी जुळत नाही.

चार वाजता वारा फिरला आणि समुद्रावरून खारा येऊ लागला. कडेच्या दोन कोवळ्या कलमांपुढे मी काठ्या रोवल्या आणि नारळीचे झाप आडवे बांधून घेतले.