परत गेलेलं चीवर

थायलंडमधल्या प्राणबुरीच्या बाजारात तिला सगळे 'फरांगांची रम्पाई' म्हणायचे. फरांग म्हणजे गोरे परदेशी. त्यांना घर हवं असो, स्वयंपाकाला बाई हवी असो, नाहीतर पोलिसांशी बोलायला कुणी हवं असो, फोन रम्पाईलाच जायचा. बाविसाव्या वर्षी ती हुआ हिनच्या एका हॉटेलात चादरी बदलायला लागली, तिथेच इंग्रजी शिकली. पन्नाशी आली तेव्हा हमरस्त्याकडेच्या अननसाच्या मळ्यांत 'जमीन विकणे आहे' अशा पाट्या उभ्या होत्या, आणि प्रत्येक पाटीखाली तिचा नंबर होता. नवरा केव्हाच दुसरीकडे संसार थाटून बसला होता. त्याचं तिला फारसं काही वाटत नसे. गावात मान होता, तो पुरे होता.

लेनार्ट हे तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. स्वीडनचा, चौसष्ट वर्षांचा, ताडमाड उंच. तिकडचा पत्र्याचा कारखाना विकून इकडे आला होता. त्याला डोंगराच्या पायथ्याशी आठ बंगले बांधून आपल्याच देशातल्या म्हाताऱ्यांना विकायचे होते. परदेशी माणसाला इथे जमीन घेता येत नाही, म्हणून त्याने कंपनी काढली आणि तिच्यात थाई नावं घातली. त्यातलं एक नाव रम्पाईचं. जमीनही तिनेच शोधून दिली. ती होती तिच्या सख्ख्या मामाची.

सनान मामाची विकायला ना नव्हती. गुडघे गेले होते, अननसाची काटेरी पानं आता सोसवत नव्हती. त्याने एकच गोष्ट विचारली. गावाचं विहार अलीकडे आणि स्मशान पलीकडे, डोंगराच्या कुशीत. मधली वाट त्याच्याच शेतातून जायची.

"वाट राहील ना गं?"

"राहील मामा. मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच विचारतोय," मामा म्हणाला आणि त्याने अंगठ्याला शाई लावून घेतली.

जमीन कचेरीतल्या कारकुनाने तिला रीतीप्रमाणे विचारलं होतं, "यातून कुणाची वहिवाट आहे का?" रम्पाई "नाही" म्हणाली. वहिवाट कागदावर चढली असती तर लेनार्टच्या वकिलाने व्यवहार मोडला असता, आणि इतका मोठा व्यवहार तिच्या हाताला पुन्हा लागला नसता. माणसं काय कागद बघून चालतात का, असं तिने स्वतःला समजावलं. वाट तिथे आहे, तिथेच राहील.

दीड वर्ष खरोखरच ती तशीच राहिली. मग गावातली चाएम आजी गेली.

त्या दिवशी एक नवराबायको बंगला बघायला आले होते. स्विमिंग पुलाशी उभे राहून, हातात पेले घेऊन, डोंगराकडे बघत ते "हाच, हाच" म्हणत होते. एवढ्यात झाडीतून ढोल वाजला. पुढे पांढरा दोरा धरलेले भन्ते, मागे पिकअपवर चमचम दिव्यांची शवपेटी, त्यामागे सगळं गाव. चाएम आजीच्या नातवांनी फटाक्यांची माळ लावली आणि बाईसाहेबांच्या हातातला पेला पाण्यात पडला. संध्याकाळच्या आत ते दोघं हुआ हिनला परतले. बंगला नको म्हणाले.

आठ दिवसांत वाटेवर भिंत उभी राहिली. माणसापेक्षा उंच, वर काचा.

रम्पाई धावत गेली. "लेनार्टसाहेब, ती वाट गावाची आहे."

"कागद दाखव."

"कागदावर नाही, पण..."

"तूच मला कागद वाचून दाखवलास. स्वच्छ जमीन आहे म्हणालीस." तो भिंतीच्या ओल्या गिलाव्यावर नखाने काहीतरी खरवडत होता. "हमरस्त्याने न्या ना. अकरा किलोमीटर तर आहे. मेलेल्या माणसाला कसली घाई?"

आणि स्वतःच्या विनोदावर तो हसला.

गावात मात्र कुणी हसलं नाही. पुढच्या महिन्यात गावातलं एक माणूस गेलं, त्याला उसाच्या ट्रकांच्या रांगेतून, भोंगे ऐकत न्यावं लागलं. मागे चालता येईना, म्हणून म्हाताऱ्या बायका घरीच राहिल्या. त्या दिवसापासून रम्पाई शेवयांच्या गाडीवर गेली की गाडीवाली म्हणायची, "संपलं," आणि पातेल्यातून वाफ येत असायची. कुणी तिच्याशी भांडलं नाही. भांडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ती आली की बायका ओट्यावरून उठून आत जायच्या, आणि आतून एखादी मोठ्याने म्हणायची, "झाकून ठेव गं सगळं, जमिनी विकणारी आलीय. चूलसुद्धा विकेल."

ती मामाकडे गेली. तो पायरीवर बसून कोयत्याला धार लावत होता. तिने चपला काढायला पाय उचलला.

"माझ्या दारात चपला काढू नकोस," मामा म्हणाला.

"मामा, मी बोलते साहेबांशी. जरा वेळ..."

"तुझ्या आईला मी त्याच वाटेने नेलं होतं. पिकअप नव्हती तेव्हा. खांद्यावर." त्याने कोयता उलटा केला आणि दुसरी बाजू घासायला घेतली. पुन्हा मान वर केली नाही.

लेनार्टपर्यंतही ही हवा पोचली. बंगल्यांवरच्या गावातल्या माळ्यांनी एकेक करून काम सोडलं. कुणीतरी फाटकावर शेण फासलं. मग त्याने त्याच्या परदेशी मंडळींच्या क्लबात सल्ला घेतला आणि रम्पाईला बोलावलं.

"या लोकांचा दानावर फार जीव, हो ना? पावसाळ्यातला वर्षावास संपला की भन्तेंना वस्त्रं देण्याचं ते चीवरदान असतं, त्याचा यंदाचा यजमान मी होणार. विहाराचं छप्पर गळतंय म्हणे. मी नवं घालून देतो."

"साहेब, त्याआधी भिंत..."

"भिंत राहील. दान घेतलं की माणूस गप्प बसतो, रम्पाई. इथे काय नि माझ्या देशात काय, सारखंच."

'कठिन' म्हणतात ते हे चीवरदान वर्षातून एकदाच, आणि एका विहारात एकाच यजमानाचं. गावोगावची माणसं त्या मानासाठी वर्ष वर्ष आधी नाव घालतात. पण सरपंच छपराच्या नावाने पाघळला आणि त्याने होकार देऊन टाकला. दोन दिवसांत विहाराच्या कमानीवर भला मोठा फलक लागला. त्यावर हात जोडलेला लेनार्ट होता आणि खाली कोपऱ्यात बंगल्यांचं चित्र.

चीवरदानाच्या दिवशी गाव आलं, पण ढोलापुढे कुणी नाचलं नाही. मिरवणुकीने विहाराला तीन फेऱ्या घातल्या त्या मुकाट. लेनार्टने रेशमी सदरा घातला होता. त्याचे क्लबातले मित्र फोटो काढत होते. सभागृहात पाच भन्ते ओळीने बसले होते, मधोमध मोठे भन्ते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एका कानाने बहिरे. छपरातून गळून जमिनीवर पडलेले डाग त्यांच्या बाजूलाच होते. रम्पाई दुभाषी म्हणून लेनार्टशेजारी गुडघ्यांवर बसली. मामा खांबाला टेकून होता, नजर जमिनीवर.

लेनार्टने चीवराचं तबक उचललं, तेवढ्यात मोठे भन्ते म्हणाले, "थांब. रम्पाई, त्यांना एक विचार. मी मेलो की मला कुठून नेणार?"

तिने विचारलं. लेनार्ट मोकळेपणाने हसला. "सांग त्यांना, शंभर वर्षं जगा."

तिने तसंच सांगितलं.

"बरं," मोठे भन्ते म्हणाले. "आणि शंभर झाल्यावर?"

आता मागे कुणीतरी फिसकन हसलं. लेनार्टचं हसू ओसरलं. त्याने तबक तसंच हातात धरून खालच्या आवाजात म्हटलं, "सांग, तिथे वाट नव्हतीच. सरकारी कागदावर तसं आहे. आणि म्हणावं लवकर आटपा, माझे पाहुणे उकडून निघालेत."

रम्पाईला असल्या वेळी काय करायचं ते चांगलं ठाऊक होतं. 'साहेब म्हणतात, विचार करून सांगतो, आपला आशीर्वाद असू द्या.' तीस वर्षं ती हेच करत आली होती, इकडचं कडू तिकडे गोड करून द्यायची. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. पण तिने मामाकडे पाहिलं. मामाने एकदा तरी वर बघावं असं तिला वाटत होतं, आणि तो बघत नव्हता.

"भन्ते, ते म्हणतात वाट नव्हतीच. सरकारी कागदावर तसं आहे." पुढचं तिचं स्वतःचं होतं. "आणि कागदावर तसं आहे ते माझ्यामुळे. कचेरीत मला विचारलं होतं. वहिवाट नाही असं मीच सांगितलं. ठाऊक असून."

 मग बायकांच्या बाजूने आवाज आला, "मामाचं शेत खाल्लं, वर ढेकरही दिली नाही!" दुसरी म्हणाली, "आज देतेय बघ." सरपंच कपाळ पुसू लागला.

लेनार्टला शब्द कळले नव्हते, पण चेहरे कळले. त्याने घाईने तबक पुढे केलं. पाचांपैकी एकाही भन्तेंचा हात मांडीवरून हलला नाही. त्याने ते आणखी पुढे केलं.  फोटो काढणाऱ्यांनी मोबाइल खाली घेतले.

"घेऊन जा, बाबा," मोठे भन्ते म्हणाले, अगदी नेहमीच्या आवाजात. "पाऊस आत येतो त्याची आम्हाला सवय आहे."

हे मात्र रम्पाईने जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

कमानीखाली लेनार्टने तिला गाठलं. चेहरा लालभडक झाला होता.

"काय सांगितलंस त्यांना?"

"खरं ते."

"माझ्या कंपनीत तुझं नाव आहे. मी अडकलो तर तूही अडकशील."

"अडकेन."

"कृतघ्न बाई! चादरी बदलत होतीस तू. माझ्यासारख्यांनी तुला वर आणलं. तुम्ही सगळे सारखे. समोर हसायचं, हात जोडायचे, आणि पाठीत सुरा."

"साहेब, हसत होते म्हणून तुमचे बंगले उभे राहिले. तुम्ही आम्हाला काय काय म्हणता ते मी एक दिवस जरी खरं सांगितलं असतं, तर तुम्हाला इथे वीट द्यायलासुद्धा कुणी आलं नसतं."

तो गाडीत बसला. चीवराचं तबक त्याने मागच्या सीटवर फेकलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळेला त्याने पत्रे दिले. परदेशी मंडळींच्या मासिकात मुलांबरोबरचा त्याचा फोटो छापून आला, 'दानशूर' असा मथळा देऊन. गावातल्या बायकांनी वर्गणी काढून बाजारातून साधं चीवर आणलं आणि यंदाचं चीवरदान पार पाडलं. रम्पाईची वर्गणी कुणी मागितली नाही.

मग सनान मामा आणि गाव मिळून कोर्टात गेले. रम्पाईने साक्ष दिली. लेनार्टच्या वकिलाने चष्मा पुसत विचारलं, "बाई, तुम्ही कचेरीत खोटं बोललात, की इथे बोलताय?"

"तिथे."

"हे आम्ही कशावरून मानायचं?"

"तिथे माझा फायदा होता."

खोट्या जबाबाबद्दल तिला दंड झाला. कंपनीची चौकशी लागली, तिच्या पाट्या एकेक करून हमरस्त्यावरून उतरल्या. फरांगांचे फोन बंद झाले. निकाल लागायच्या आधीच लेनार्टने तडजोड केली आणि भिंतीला पिकअप जाईल एवढं खिंडार पाडून दिलं. तिथे त्याने संगमरवरी पाटी बसवली, 'ही वाट श्री. लेनार्ट यांनी ग्रामस्थांना दान दिली आहे.' पोरं फोडायला निघाली होती, मामाने अडवलं. आता त्या पाटीच्या खांबाला लोक म्हशी बांधतात.

उन्हाळ्यात सरपंचाची आई गेली. त्या खिंडारातून जाणारी पहिलीच. रम्पाईला निरोप नव्हता. तरी ती काळे कपडे घालून सकाळी गेली आणि अंगणात कडेला उभी राहिली. खुर्च्यांवरच्या माणसांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आपापल्या बोलण्यात मान घातली. तासभर ती उन्हात उभी होती. सावलीत ये असं कुणी म्हटलं नाही, जा असंही नाही.

शेवटी मागच्या चुलाण्याकडून मामी आली. हातात लसणाने भरलेलं घमेलं आणि एक छोटी सुरी होती.

"इकडे बस. एवढा लसूण सोल. तोंड उघडू नकोस."

रम्पाई चटईच्या टोकाला बसली आणि सोलू लागली. शेजारच्या बायकांनी आपल्या भाज्या थोड्या पलीकडे ओढून घेतल्या. नखांत चरचरायला लागलं, डोळ्यांतून पाणी आलं. लसणाने काही असं पाणी येत नाही, पण कुणी पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं. दुपार चढत गेली. सालींचा ढीग वाढत गेला.

मामा पाण्याची घागर घेऊन तिकडून चालला होता. घमेल्याजवळ क्षणभर थांबला, सोललेल्या पाकळ्यांकडे बघितलं.

"तिला सांग," तो मामीला म्हणाला, "पाकळ्या चिरू नको म्हणावं. अख्ख्या हव्यात."

"चिरू नकोस," मामी म्हणाली.

"बरं," रम्पाई म्हणाली, आणि पुढची गड्डी उचलली.