दोन-दोन खाटांचा हिशेब

"तीन ते बारा कशाला, मॅडम? पाच ते सात लिहा," साहेब म्हणाले आणि अहवाल माझ्याकडे सरकवला.

मी पेनला टोपण लावलं. इस्पितळाच्या आकडेवारी विभागात मी एकतीस वर्षं काढली आहेत. साहेबांना येऊन पुरते सहा महिनेही झाले नव्हते.

प्रश्न साधा होता. मोठ्या वॉर्डात आठ जादा खाटा घालायच्या की नाही? जिथे आधीच दाटी आहे अशा वॉर्डांत एका पेशंटचा संसर्ग शेजारच्या खाटेवर शंभरात किती वेळा जातो, ते मी काढायचं. अंदाजाचं वरचं टोकही दहाच्या आत असेल तरच खाटा आत. माझी धाकटी जाऊ त्याच मोठ्या वॉर्डात नर्स आहे, त्यामुळे हा विषय आमच्याकडे रोज जेवताना निघतोच.

सगळ्या खाटांचे एकमेकींशी संबंध एकदम मांडायला गेलं, तर संगणक जन्मभर गरगरत बसेल. म्हणून मी शेजारशेजारच्या दोन-दोन खाटांच्या जोड्या धरल्या आणि प्रत्येक जोडी जणू स्वतंत्र आहे असं समजून गणित केलं. हे धडधडीत खोटं आहे, पण कामाचं खोटं आहे. उत्तर आलं सहा. त्या सहावर माझा विश्वास आहे. पण मधली प्रत्येक खाट डावीकडच्या जोडीत असते आणि उजवीकडच्याही. एकाच माणसाची साक्ष दोनदा घेतली म्हणून साक्षीदार दोन होतात का? संगणकाला ते कळत नाही. तो पाच ते सात सांगून मोकळा होतो. म्हणून मी एकेक अख्खा वॉर्ड वगळून पुन्हा पुन्हा गणित केलं. तेव्हा कळलं की खरं उत्तर तीनपासून बारापर्यंत कुठेही असू शकतं.

साहेबांनी माझी समजूत काढली. वरून तगादा आहे, सहा तर सहाच राहतात, निवृत्तीला चार महिने उरलेत, कशाला डोक्याला ताप करून घेता? शेवटी म्हणाले की जोड्यांची युक्ती तुमचीच, मग तिचंच उत्तर का नाकारता? हे मात्र मला झोंबलं.

"युक्ती माझी आहे, म्हणूनच ती कुठे खोटं बोलते ते मला माहीत आहे," मी म्हणाले. "बारा खोडलेत तर माझी सही मिळणार नाही."

मग तो अहवाल सहीसाठी विभागातल्या उरलेल्या दोघांकडे गेला. एकाने रजा टाकली. दुसरी परवा-परवा लागलेली पोरगी. तिने माझे वॉर्ड वगळलेले कागद मागून घेतले, दोन दिवस मान खाली घालून बसली आणि तीन ते बारा लिहून सही केली. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण मी नुसता चहा सांगितला.

अहवालातून माझं नाव गेलं. बारा राहिले. माझी बदली तळघरात, जुन्या फायलींकडे झाली. जाऊ चिडली; म्हणाली, "ताई, एवढं करून तुम्हाला मिळालं काय?"

त्या आठ खाटा खाली तळघरातच आणून ठेवल्या आहेत. दुपारी त्यातल्याच एकीवर बसून मी डबा खाते.