फेल्डहोवनमधली फोडणी

मित्रांनो, मी फोडणीची पळी. लोखंडी, जुनी आणि बुडाला गोल. त्या गोल बुडानेच पुढे माझं वाटोळं केलं.

साताऱ्याच्या एका लोहाराने मला ठोकूनठाकून घडवलं आणि मालिनीताईंनी पुण्यातल्या आपल्या संसारात आणलं. तिथे मी तीस वर्षं राज्य केलं. माझ्यात हिंग पडला की जिन्यातून जाणारे विचारायचे, "आज आमटी वाटतं?" स्वतःची स्तुती करू नये, पण खोटं तरी का बोलावं?

यंदा मालिनीताई लेकीकडे, नेदरलँड्सला निघाल्या. गोडा मसाला, लाडू आणि मधोमध मी, अशी बॅग भरली. लेक चारुता आणि तिचा इंग्रज नवरा ऑलिव्हर, दोघंही इंजिनिअर, फेल्डहोवनला राहतात. घरात गॅस नाही. काचेची गुळगुळीत इंडक्शन शेगडी. तिच्यावर ठेवताच मी कलंडले. सरळ धरलं, तर ती बया नुसती डोळे मिचकावत राहिली. भांड्याचं बूड सपाट असेल तरच ती तापते म्हणे. एवढा माज!

मी खणात जाऊन पडले. बाहेर मालिनीताईंची गत तीच. कशालाही हात लावला की चारुता म्हणे, "आई, तू बस ना. पाहुणी आहेस तू." बसून बसून बिचाऱ्या कोमेजल्या.

एका शनिवारी चारुताने मला काढून ओट्यावर ठेवलं. "आई, ही सोमवारी क्रिंगलोपला देऊन टाकते. जुन्या वस्तूंचं दुकान आहे ते." मला रडू आलं, पण लोखंडाला रडणं परवडत नाही, गंज चढतो.

रविवारी ऑलिव्हरने आपल्या आईच्या पद्धतीचं रोस्ट जेवण मांडलं. ओव्हनमध्ये भाजलेली कोंबडी, बटाटे, गाजरं आणि वर दाट ग्रेव्ही. शेवटी यॉर्कशायर पुडिंग. नावाला पुडिंग, गोडाशी संबंध नाही. वाट्यावाट्यांच्या ट्रेमध्ये धूर येईतो तेल तापवायचं आणि त्यात अंडी, मैदा, दुधाचं पातळ पीठ ओतायचं, की ते ओव्हनमध्ये टम्म फुगतं.

त्याने तापलेला ट्रे ओट्यावर ठेवला आणि पीठ आणायला तो फ्रिजकडे वळला. मालिनीताईंसमोर कडकडीत तेल, हाताशी मिसळणाचा डबा. चाळीस वर्षांचा हात तो! मोहरी, जिरं, हिंग. तड तड तड!

"आई! काय केलंस हे?" चारुता किंचाळली.

"अगं बाई!" मालिनीताई पांढऱ्याफटक पडल्या. "तेल तापलं होतं गं..."

ऑलिव्हर थिजला. पण तेल निवलं तर पुडिंगची माती होणार. डाव सापडेना, म्हणून त्याने समोर दिसलं ते उचललं. म्हणजे मला! एका वाटीला बरोबर एक पळी. थेंब सांडला नाही.

पुडिंगं फुगली. सगळे टेबलाशी जेवायला बसले. मालिनीताईंची मान खाली. ऑलिव्हरने एक खाल्लं, मग दुसरं. तिसऱ्याला हात घातला तेव्हा चारुता म्हणाली, "अरे, आईला तरी ठेव!"

"पुढच्या रविवारी आई करणार," तो मोडक्या मराठीत म्हणाला. "मी मदत."

"अहो ऑलिव्हरराव, फोडणी माझी, ओतणं तुमचं," म्हणत मालिनीताई उठल्या आणि सगळ्यांना आग्रह करकरून वाढू लागल्या. त्यांना कुणी 'बस' म्हणालं नाही.

सोमवारी मी कुठेही गेले नाही. ओव्हनशेजारी माझ्यासाठी खास हूक लागला आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूला आणि जुन्या माणसाला जपणं म्हणजे नुसतं बसवून ठेवणं नव्हे. आम्हाला कामाला लावा. आमच्या हातून काही भलतंच घडलं, तर आधी चाखा आणि मग ओरडा.