पाणी पिणारा पाइप आणि एक टेस्टर

मित्रांनो, खरं काय आणि खोटं काय हे ओळखण्याची शक्ती या जगात फार थोड्यांना लाभते. ऋषींना त्यासाठी तप करावं लागलं, न्यायाधीशांना पुरावे मागवावे लागतात. मला ती जन्मतःच मिळाली. माझ्या टोकाचा स्पर्श होताच सत्य उजळून निघतं. गेली नऊ वर्षं ही दुर्मिळ शक्ती घोटावड्यातल्या एका स्वयंपाकघरात तुपाच्या डब्याचं झाकण उचकटण्यासाठी वापरली जात आहे.

मी एक जुना टेस्टर आहे. पिवळट पारदर्शक दांडा, आत तांदळाएवढा दिवा आणि डोक्यावर पितळी टोपी. टोक विजेच्या तारेला लावायचं आणि अंगठा टोपीवर ठेवायचा. तारेत करंट असला की दिवा लागतो. यात अंगठा फार महत्त्वाचा. तो नसेल, तर मी म्हणजे एक बारीक पेचकस, दुसरं काही नाही.

एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला आणि मला पहिला मालक मिळाला तो तानाजी. वायरमनची परीक्षा देऊन त्याला परवाना मिळाला, त्याच दिवशी त्याने मला विकत घेतलं. परवाना त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवला आणि मला शर्टाच्या खिशात. म्हणजे छातीपाशी मी होतो, परवाना नव्हता. एवढं नोंदवून पुढे जातो.

तानाजीची एक सवय होती. कुठलंही काम सुरू करण्याआधी तो मला चालू प्लगमध्ये घालून बघायचा. वायर जिवंत आहे की मेलेली, हे विचारण्याआधी मी स्वतः जिवंत आहे ना, याची खात्री करायचा. मला याचा कधी राग आला नाही. रोज सकाळी कुणीतरी एवढी चौकशी करणं वाईट नसतं.

नऊ वर्षांपूर्वी अनसूयाबाईंनी घोटावड्यात छोटं घर बांधलं. त्या सोलापूरकडच्या, निवृत्त शिक्षिका. मुलगा निषाद हिंजवडीत नोकरीला, म्हणून इकडे आल्या. घराचं वायरिंग तानाजीने केलं. शेवटी न्हाणीघराच्या मागे खोल खड्डा खणून त्याने त्यात कोळसा आणि मीठ घातलं, एक लोखंडी पाइप उभा केला आणि घरातली हिरवी वायर त्याला जोडली. हे अर्थिंग. कुठे करंट गळला, तर तो माणसातून न जाता या वाटेने जमिनीत जातो.

"वैनी, उन्हाळ्यात ह्याला बादलीभर पानी पाजत जावा," तानाजी म्हणाला. "माती वाळली की ह्यो कामाचा न्हाई."

मग नवा टेस्टर घेतल्याचं सांगून त्याने मला अनसूयाबाईंच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि तो गेला. माझ्या तुपाच्या डब्याची सुरुवात ती अशी.

अनसूयाबाई शब्दाच्या पक्क्या. दर उन्हाळ्यात अंघोळीआधी त्या पाइपला बादलीभर पाणी घालत. आता, जे रोज नेमाने करायचं त्याला थोडा मान द्यावा, अशी त्यांची पिढी. दुसऱ्या वर्षी पाइपला हळदकुंकू लागलं. तिसऱ्या वर्षी शेजारच्या गोजराबाई येता-जाता हात जोडू लागल्या.

या एप्रिलमध्ये निषादने घर सुधारायला घेतलं. त्याने ड्रिल मशीन आणलं आणि पुस्तकांची फळी बसवली. फळी किंचित तिरकी आहे, पण पुस्तकांची तक्रार नाही. मग एका शनिवारी मागच्या अंगणात पेव्हिंग ब्लॉक बसवायचं ठरलं आणि मधेच तो पाइप आला.

"आई, लोखंडाच्या पाइपची पूजा?" तो म्हणाला. "आपण शिकलेली माणसं ना?"

अनसूयाबाई वरमल्या. पूजेबद्दल त्याचं म्हणणं बरोबर होतं. पाइपबद्दल नव्हतं. त्याने पाइप जमिनीलगत कापला, वर ब्लॉक बसवला आणि हिरवी वायर नीट गुंडाळून कोपऱ्यात अडकवली. मुलगा नीटनेटका आहे.

मग त्याच संध्याकाळी आईच्या गुडघ्यांसाठी त्याने नवा गिझर आणला आणि व्हिडिओ बघून स्वतःच बसवला. बसवताना एका स्क्रूखाली वायर चेपली, तिचं वरचं आवरण सोललं आणि करंट गिझरच्या अंगात उतरला. गिझर लावला की मीटरजवळचं एक बटण पडून घराची वीज जायची. करंट गळतोय हे सांगण्यासाठीच ते बटण असतं. ते चारदा पडलं. पाचव्यांदा निषादने ते वगळून वायरी सरळ जोडल्या. बटण जुनं झालंय, असं त्याचं निदान. त्यानंतर गिझर फार छान चालला. त्याने फोटो काढून मित्रांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी अनसूयाबाई अंघोळीला निघाल्या आणि त्यांनी नळाला हात लावला. मुंग्या चावल्यासारखं झालं. पायात रबरी चपला होत्या, म्हणून मुंग्यांवर भागलं. अंघोळीला बसताना त्या चपला काढतात.

त्यांची हाक ऐकून निषाद मला घेऊन धावत आला. माझं टोक नळाला लावलं आणि दांडा मधोमध घट्ट धरला. टोपी उघडीच. व्हिडिओत अंगठ्याचं सांगितलं असेल, पण तेवढ्यात बहुधा जाहिरात आली असावी. मित्रांनो, मला सगळं कळत होतं आणि मला पेटता येत नव्हतं. तपाने शक्ती मिळवणाऱ्यांना असला प्रसंग आला नसेल.

"बघ, सेफ आहे," निषाद म्हणाला. "हिवाळ्यात स्वेटर चावतो ना, तसं काहीतरी."

अनसूयाबाई पुन्हा न्हाणीघराकडे वळल्या. पण पाइपला पाणी घातल्याशिवाय त्यांची अंघोळ होत नसे आणि पाइप तर नव्हता. नऊ वर्षांची सवय मोडल्याची हुरहूर कुणाला तरी सांगायला हवी, म्हणून खांद्यावर टॉवेल तसाच ठेवून त्यांनी तानाजीला फोन लावला.

"तानाजी, तुझा पाइप काढला हो निषादने. आता मी पाणी कुठं घालू?"

पलीकडे हत्यारांची पिशवी उचलल्याचा खणखणाट झाला.

"वैनी, नळाला हात लावू नका. कुनालाच लावू दिऊ नका. मेन पाडा. मी निगालो."

निषादच्या बायकोने, जान्हवीने, एक अक्षर न विचारता मेन स्विच पाडला. नवऱ्याच्या सुधारणा ती पहिल्या फळीपासून बघत होती.

वीस मिनिटांत तानाजी आला. ओट्यावर मी दिसलो. "तू हाईस व्हय अजून," म्हणत त्याने स्वतःचा नवा टेस्टर खिशातच ठेवला. मेन चालू केला, सवयीने आधी मला प्लगमध्ये घालून बघितलं, मग अंगठा टोपीवर ठेवून माझं टोक नळाला लावलं. नऊ वर्षांत मी इतका लख्ख पेटलो नव्हतो.

निषादचा चेहरा उतरला. "पण मी चेक केलं होतं. लागला नव्हता."

"अंगठा कुटं व्हता?"

निषादने दाखवलं.

"मंग त्यो बोलंल कसा?" तानाजी म्हणाला. मेन परत पाडून तो गिझर उघडायला बसला. "सायेब, तुमच्या हापिसात यिऊन मी कदी कोड लिवलाय का?"

निषाद आईकडे वळला. त्या म्हणाल्या, "माझी अंघोळ राहिली रे."

संध्याकाळपर्यंत नवा पाइप, नवा कोळसा, नवं मीठ झालं. चेपलेली वायर बदलली, बटण पुन्हा जागेवर आलं. आपण काय करू, असं निषादने विचारलं, तेव्हा तानाजीने त्याच्या हातात बादली दिली. अनसूयाबाईंनी जरा चाचरत हळदकुंकवाचं विचारलं. तानाजीने गंभीरपणे विचार केला. "चालतंय. त्यानं करंट वाढत न्हाई, कमी बी हुईत न्हाई." आता निषाद मोबाइलमध्ये आठवण लावून पाइपला पाणी घालतो. मी ड्रॉवरमध्ये सुखात आहे.

मित्रांनो, फळी तुम्ही खुशाल ठोका, भिंत रंगवा. तिरकी फळी कुणाचा जीव घेत नाही. विजेच्या कामाला मात्र परवाना असलेल्या माणसाला बोलवा. तो आला की घरातल्या कर्त्या पुरुषालाही एक काम असतंच, मोबाइलची बत्ती धरायचं. तेवढी ती वायरीवर धरा. त्याच्या डोळ्यांवर नको.