परभाषा शिक्षकांचा फिरता चषक

दोन कानांचा आणि बुडाला पोचा आलेला असा मी एक जुना चषक आहे, मित्रांनो. माझ्या अंगावरची चांदी वरवरची आहे. आत पितळ आहे. पण एके काळी मी हाती आलो की भल्याभल्यांचे डोळे भरून येत.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर एल्रिक नावाचे मासेमारीचे बंदर आहे. तिथल्या शाळेत फार्करबाई जर्मन शिकवीत. त्यांचा भाऊ महायुद्धात जर्मनांनी बुडवलेल्या जहाजाबरोबर तळाला गेला. तरी युद्ध संपताच बाईंनी जर्मनचा वर्ग पुन्हा उघडला. लोकांनी त्यांच्या दारात माशांची आतडी टाकली. बाई पायरी धुवायच्या आणि शाळेत जायच्या. "ज्यांच्याशी भांडलो त्यांच्याशी बोलायला नको का?" एवढेच त्या म्हणत. पुढे त्यांनी आसपासच्या गावांतल्या जर्मन-फ्रेंच शिकवणाऱ्यांना एकत्र करून संघ काढला. बाई वारल्या तेव्हा त्यांच्या आठवणीसाठी संघाने मला घडवून घेतले.

दर वसंतात सभा भरे. चहा असे, लोण्याची बिस्किटे असत, आणि दोन भाषांत थट्टामस्करी चाले. ज्याने वर्षभर नुसते शिकवले नाही, तर इतरांनाही धीर देऊन उभे केले, त्याचे नाव माझ्या अंगावर कोरत. मग वर्षभर मी त्याच्या घरी राहायचो. त्या घरांतल्या जेवणाच्या टेबलांवर मुलांची उजळणी चाले. फडताळावर बसून मीही शिकलो. मला जर्मन येऊ लागले. फ्रेंचही कळू लागले. पण बोलणार कसा? तोंड एवढे मोठे, आणि जीभ नाही.

माझ्या अंगावरचे शेवटचे नाव इशबेल गेडिस यांचे. त्या फार्करबाईंच्याच जुन्या वर्गात जर्मन शिकवीत. संघाचे अध्यक्षपद घ्यायला कोणी पुढे येईना, म्हणून तेही वर्षानुवर्षे त्यांच्याच गळ्यात होते. कुठल्या शाळेत भाषेचा वर्ग बंद होणार असे कानावर आले की त्या आपली जुनी मोटार काढून तिथे जायच्या, पालकांच्या हातापाया पडायच्या. काही वर्ग वाचले. बरेच गेले. सभेतल्या खुर्च्या दरवर्षी रिकाम्या होत गेल्या.

त्या वसंतात मला त्यांच्या हाती द्यायला त्यांचे मुख्याध्यापक मिल्न स्वतः आले होते. "इशबेलबाई म्हणजे आमच्या शाळेची शान," असे ते म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सभा संपल्यावर बाई मला काखेत धरून मोटारीकडे निघाल्या, तेव्हा मिल्न मागून धावत आले.

"इशबेलबाई, आज सांगायला नको होतं. पण दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. जर्मन बंद होतंय, पुढच्या वर्षापासून."

"नव्या मुलांसाठी?"

"सगळ्यांसाठी."

"अहो, माझी पोरं अर्ध्यात आहेत! अर्धं विणलेलं जाळं घेऊन कोणी समुद्रावर जातं का?"

"मुलं थोडी, खर्च जास्त. माझा नाइलाज आहे. आणि हे बघा, तुमचा मान आम्ही ठेवलाच की."

"मान माझा ठेवलात, मिल्न," बाई म्हणाल्या, "आणि मान माझ्या विषयाची कापलीत."

मला शेजारच्या आसनावर ठेवून त्यांनी मोटार सुरू केली.

घरी त्यांची धाकटी बहीण नेट्टा वाट पाहत होती. ती शेजारच्याच गल्लीत राहायची. मला पाहून ती म्हणाली, "अगं बाई, केवढा हा! यात सूप वाढायचं की मोजे ठेवायचे?" एरवी इशबेलबाई हसल्या असत्या. त्या दिवशी कोट न काढताच खुर्चीत बसून राहिल्या.

त्या लढल्या, मित्रांनो. पालकांची सभा बोलावली. नगरपालिकेत गेल्या. शेवटी शाळा सुटल्यावर वाचनालयात फुकट शिकवू लागल्या. पण खेड्यांतल्या मुलांची बस आधीच सुटायची. कोणाचा फुटबॉल असायचा, कोणाला घरचे काम. हिवाळ्यापर्यंत वाचनालयात फक्त बाई उरल्या. पुढच्या वसंतात संघाच्या सभेला दोन म्हाताऱ्या शिक्षिका आल्या. तिघींनी चहा घेतला आणि संघ विसर्जित केला. मला परत द्यायला जागाच उरली नाही, म्हणून मी बाईंच्या फडताळावर राहिलो.

बरीच वर्षे गेली. बाई निवृत्त झाल्या. एका सकाळी नेट्टा दूध घेऊन आली, तर बाई स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेल्या. पक्षाघात झाला होता.

बाई वाचल्या. पण इंग्रजी गेले. आईकडून आलेली, जन्मभर बोललेली भाषा पार पुसली गेली, आणि उरले ते जर्मन, तेही बोबडे, तुटके. डॉक्टर म्हणाले, असे कधी कधी होते. त्यांना काही विचारले की उत्तर काहीही असो, मान मात्र होकारार्थी हलत राही. फोनवर दुभाष्या मिळाला, पण त्याला ते तुटके शब्द कळेनात. नर्सने भाषांतरासाठी मोबाइल समोर धरला. मोबाइल म्हणाला, "बटाटे खिडकीत आहेत." सगळे हसले. बाईही हसल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. नेट्टाने शाळेत फोन केला. तिथे जर्मन येणारे कोणी नव्हते.

"निदान ह्याला तरी ओळखेल," असे म्हणत नेट्टाने मला रुग्णालयात नेऊन बाईंच्या पलंगाशेजारी ठेवले. बाईंनी चांगल्या हाताने माझा कान धरला आणि त्या बोलू लागल्या. मित्रांनो, मला सगळे कळत होते. त्या खोलीत मला एकट्यालाच कळत होते.

एके दिवशी अंथरूण बदलायला नवी मदतनीस आली. बाईंना पाहताच ती थबकली. "बाई, मला ओळखलंत? मी शोना. मागच्या बाकावर बसून च्युइंगम चघळायची ती." बाईंच्या चेहऱ्यावर काहीच हलले नाही. मग शोनाने डोळे मिटले, ओठ चावला, आणि आठवून आठवून जर्मनमध्ये म्हणाली, "माझे नाव शोना. मला एक भाऊ आहे."

बाईंचे डोळे लखकन चमकले. त्यांनी बोट वर केले आणि शोनाचा एक शब्द दुरुस्त केला. शोनाने 'एक'चे रूप चुकवले होते.

"बघा, अजून चुका काढतात!" शोना ओरडली. नेट्टाने तोंडावर हात धरला.

मग बाईंनी शोनाचे मनगट घट्ट पकडले. इतक्या दिवसांचे साचलेले सगळे बाहेर आले. ताई म्हणून नेट्टाला काय सांगायचे होते ते. पडदा बाजूला करा, मला समुद्र बघायचा आहे, ते. भीती वाटते, फार भीती वाटते, तेही.

"बाई, हळू... थांबा ना," शोना रडकुंडीला आली. "मला एवढंच येतं हो. भावाच्या धड्यापुढं आपलं शिकणं झालंच नाही. वर्ग बंद झाला ना."

बाईंनी तिचे मनगट सोडले.

महिनाअखेर नेट्टा पलंगाशी बसली. तिचे गुडघे गेले होते. बहिणीला उचलणे तिला झेपणारे नव्हते. "टेकडीवरच्या वृद्धाश्रमात जायचं का, ताई? नुसती मान हलव." मान हलली. पण ओठ म्हणत होते, "नेट्टा, मला घरी ने. मी खालच्या खोलीत झोपेन. तुला त्रास देणार नाही."

"ताई, काय म्हणतेस गं? कोणाला विचारू मी?" नेट्टा रडत म्हणाली. आणि मी, सगळे समजणारा, पितळेच्या गोळ्यासारखा गप्प उभा होतो.

वृद्धाश्रमात बाई हळूहळू बोलायच्या थांबल्या. उत्तरच येत नसेल तर माणूस किती दिवस बोलणार? पहिल्या बर्फात त्या गेल्या.

नेट्टाला मला पाहवेना. तिने मला जुन्या वस्तूंच्या दुकानात दिले. तिथून एका दारूच्या गुत्तेवाल्याने मला उचलले, आणि नावे घासून काढून भिंतीवरच्या फळीवर बाण फेकण्याच्या स्पर्धेसाठी ठेवले. फार्करबाई गेल्या, इशबेलबाईही गेल्या. मला मात्र इथे दर शुक्रवारी कापडाने पुसतात. इतकी निगा माझी पूर्वी कधी कोणी राखली नव्हती.

म्हणून, मित्रांनो, माझी काळजी करू नका. चषकांची काळजी घेणारे पुष्कळ असतात. तुमच्या शिक्षकांना हार घालायचा असेल तर जरूर घाला. पण हार घालण्याआधी एवढे विचारा, की उद्या त्यांचा वर्ग भरणार आहे का.